सतरा ऑगस्टच्या नऊ बरण्या

११ जानेवारी

झाकण फुगलंय. घेवड्याच्या बरणीचं. बोटाने दाबलं की खाली जातं आणि बोट काढलं की परत वर. उघडलं तर फुस्स — आणि असा वास, की नाक दाबून बरणी लांब सारली.

नदीवरचा पूल बंद होऊन आज नववा दिवस. नावेतून पीठ येतं, दुधाची पावडर येते. भाजीचं नाव नाही. सगळी गल्ली आमच्या कोठीवर डोळा ठेवून आहे, आणि नेमकं आत्ताच हे!

बरणीवर शिक्का १७ ऑगस्टचा. त्या तारखेच्या नऊ होत्या. ही एक फुगली, सात फळीवर आहेत. नववी परवा आम्ही खाल्ली. गॅस वाचवायला गरमसुद्धा केली नाही, नुसतं तेल-मीठ लावलं. पिटकीने दोनदा मागून घेतला घेवडा. सात वर्षांची पोर, कधी नव्हे ते भाजी मागते म्हणून मीच कौतुकाने वाढला.

१२ जानेवारी

दवाखान्यातल्या नर्सबाईला विचारून आले. म्हणाली, टोमॅटो आंबट असतो, तो नुसता उकळून भरला तरी टिकतो. घेवड्याला मोठा कुकरच पाहिजे, पुरा वेळ. नाहीतर बंद बरणीत विष तयार होतं. कधी झाकण फुगतं, कधी फुगतही नाही. एकाची दोन दिसायला लागली, पापण्या जड झाल्या, घास गिळेना, की तडक मोठं हॉस्पिटल. मोठं हॉस्पिटल पलीकडे. नाव दिवसातून एकदा.

मला काय ठाऊक हे सगळं? कोठी सासूबाईंची. मी देठ खुडते आणि बरण्या पुसते.

पिटकीला सकाळपासून सतरांदा विचारलं, बोटं किती? शेवटी म्हणाली, "मम्मी, तुला मोजता येत नाही का?"

हसू आलं नाही.

१३ जानेवारी

आज बोलले. स्पष्टच.

"आई, १७ तारखेच्या घेवड्याला कुकर लावला होता ना?"

"मी कधी लावला नाही?"

"मग झाकण कसं फुगलं?"

बरणी हातात घेऊन शिक्का बघत बसल्या. तीस वर्षं ग्रंथालयात काढली त्यांनी, तोच तारखेचा शिक्का बरण्यांवर मारतात. कोठी म्हणजे दुसरं ग्रंथालय. फळीला नंबर, नेलेल्या बरणीची रजिस्टरमध्ये नोंद, रिकामी बरणी न धुता परत केली तर दंड! लग्न होऊन आले तेव्हा मला याची गंमत वाटायची. गळ्यातल्या दोऱ्यात किल्ली. नऊ वर्षांत एकदाही ती माझ्या हातात दिली असेल तर शपथ.

नवरा म्हणाला, "जरा हळू बोल." हळू कशाला? पोरीच्या जिवाशी गाठ आहे.

१४ जानेवारी

पिटकी ठीक. जेवली, भांडली, शेजारच्या कुत्र्याला चिडवून आली. नर्सबाई म्हणते, अजून दोन-तीन दिवस लक्ष ठेवा.

दुपारी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "त्या दिवशी मी घरात होते का गं?"

हसावं की रडावं! आपण घरात होतो की नाही हेसुद्धा आठवत नाही माणसाला. नवऱ्याला सांगितलं. त्याने उठून भावाला फोन केला.

१५ जानेवारी

सातही बरण्या परसात खड्डा खणून पुरल्या, झाकणं न उघडता. खड्डा नवऱ्याने खणला. बरण्या सासूबाईंनी स्वतः एकेक करून आणल्या, कुणाला हात लावू दिला नाही. मग रजिस्टर उघडून सात ओळींपुढे लिहिलं — बाद. फाटकी पुस्तकं कमी करताना लिहायच्या तसं.

मला म्हणाल्या, "माझंच चुकलं असेल." आणि किल्ली काढून ओट्यावर ठेवली.

मी उचलली. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१८ जानेवारी

पिटकीचा धोका टळला. नर्सबाईने डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, गिळायला लावलं आणि म्हणाली, पळ. घरी येऊन मी न्हाणीघरात दार लावून रडून घेतलं.

आता कोठीतून काय काढायचं ते मी ठरवते. गाजराची बरणी काढली की मला धडकी भरते. सगळ्याला आधी अर्धा तास उकळी. गॅस गेला तेल लावत.

सासूबाई कोठीकडे फिरकतसुद्धा नाहीत. गॅस बंद केला का, म्हणून तीन-तीनदा उठतात. गोळी घेण्याआधी पाकिटावरचं नाव पिटकीकडून वाचून घेतात. दिसत नाही म्हणून नव्हे. चष्म्याने त्यांना पेपरातलं बारीक अक्षरही दिसतं. स्वतःच्या वाचण्यावर भरवसा नाही उरलेला.

नवरा म्हणतो, बघ, किती झपाट्याने वाढतंय हे.

२२ जानेवारी

पुलाची एक बाजू शनिवारी उघडणार, फक्त लहान गाड्यांसाठी. दीर येतो आहे. सासूबाईंना घेऊन जाणार. तिकडे विसराळूपणाचा कुणी चांगला डॉक्टर आहे म्हणे. "महिनाभर ठेवून घेतो, मग बघू." मग बघू म्हणजे काय ते मला कळतं, त्यांनाही कळतं. दिराच्या चौथ्या मजल्यावर ना परस, ना कोठी. दिवसभर घरात कुणी नसतं.

हे घर त्यांनी नोकरी करून बांधलंय. पण मी तरी काय करू? उद्या पोरीला परत काही झालं तर?

२४ जानेवारी

सामान बांधलं. एक बॅग, एक पिशवी. पिटकीने विचारलं, "आजी, तू परत कधी येणार?"

त्या म्हणाल्या, "शिक्का मारायला विसरले बघ. तारीख नाही."

मस्करीच केली त्यांनी. पिटकी हसली, मला वर बघवेना. रात्रीच्या जेवणाला टोमॅटोची बरणी काढली तर रजिस्टरमध्ये लिहायचं राहिलं. दंड कुणी मागितला नाही.

२५ जानेवारी

दिराने आल्या आल्या विचारलं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी झालं, डॉक्टरला तारीख लागेल. नवरा म्हणे जुलै, मी म्हणे सप्टेंबर. कागद सापडेनात. म्हणून हीच वही मागे चाळली.

"१७ ऑगस्ट. सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी उद्या काढणार. नवरा तिकडेच थांबलाय. कालचा घेवडा सुकायला लागला होता, घरी येऊन तेवढा उरकला. टोमॅटोसारखाच, पाऊण तास उकळून. नऊ बरण्या. शिक्के मारून ओट्यावरच ठेवल्या, कोठीची किल्ली त्यांच्याकडे. पाय मोडलेत नुसते, झोपते."

अक्षर माझं.

वही तशीच उघडी घेऊन खाली धावले. त्या गाडीत बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून त्यांनी सगळं वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. मी रडत होते, माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

दिराला म्हणाल्या, "बघ. मी घरात नव्हते."