सांध्याचा आवाज

वर्धा,
ता. ८ नोव्हेंबर १९५९

प्रिय रामाजी यास,
बंडोपंत मास्तराचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं क्षेम आहे. दिवाळी पार पडली. सुमतीच्या चकल्या यंदाही मऊ पडल्या आणि यंदाही त्या संपवण्याचं काम माझ्याकडेच आलं. सुधा सासरी सुखात आहे, निदान पत्रात तसं लिहिते. शाळेत नवे हेडमास्तर आले आहेत. सकाळी अर्धा तास सूत काततात आणि उरलेला दिवस आमच्या रजेच्या अर्जांतल्या गाठी सोडवत बसतात. पवनार सोडून हिंगणीला गेलास, तिथली हवा कशी आहे? तुझ्या आईचा, रुख्मिणीबाईंचा, दमा कसा आहे?

पंधरा महिने पत्र नाही. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होतो, पण शाळामास्तराला वेळ मिळत नाही ही थाप हिंगणीतही चालायची नाही. तेव्हा कारण राहू दे.

आज लिहितोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. परवा बाजारात तुझा भाऊ कवडू भेटला. त्याच्याकडून कळलं की सेलूच्या नव्या ग्रामोद्योग शाळेने तुला बांबूकामाचा शिक्षक म्हणून बोलावलं आहे आणि तू नाही म्हणून बसला आहेस. अठरा तारखेपर्यंत होकार गेला नाही तर ते दुसरा माणूस घेणार. मी कारण विचारलं. कवडू म्हणाला, ''दादा म्हणते, माह्या हातचा सांधा ऐन टायमाले सुटते. मी कोणाले काय शिकवू?''

हे ऐकून मी भाजी न घेताच घरी आलो. सुमतीने त्यावर जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

अरे, ज्याला तुझ्या हाताची शंका असेल त्याने आपली गळाची काठी पाहावी. नागपूरच्या लिलावात मी गाशा गुंडाळून निघालेल्या साहेबाची मोडकी काठी आणि गळाची दोरी गुंडाळायची पितळी चरखी घेतली, तेव्हा दुकानदाराला वाटलं मास्तर वेडा आहे. तू मात्र ती मोडकी काठी उभी चिरलीस, आत डोकावलास आणि म्हणालास, ''सायबानं बुरडाचंच काम केलं हाये, गुरुजी. सहा कामट्या चिकटवल्या, बस.'' मग भरीव बांबू निवडायला तू दोन दिवस रानात गेलास. तोही अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलास, कीड लागू नये म्हणून. वर्षभर चुलीच्या वर धुरात ठेवलास. सहा कामट्या इतक्या सारख्या तासल्यास की फटीत माझी टाचणी जाईना. माझ्या मागच्या अंगणात तू सरस शिजवलास, तेव्हा त्या वासाचा खुलासा म्हणून सुमतीला मी सांगितलं होतं की शाळेची शाई करतोय. आठवडाभर तिने शाळेला शिव्या घातल्या.

आणि सांधा! सायकलच्या पंपाची पितळी नळी कापून तू तो केलास. खालचा तुकडा, वरचा तुकडा, नळीत नळी. बसवताना हवा कोंडते, म्हणून ओढून काढला की 'टप्' असा आवाज येतो. ''आवाज आला का समजजो सांधा जिता हाये. मुकाट निघाला तं मेला,'' असं तू म्हणाला होतास.

दोऱ्यांचं तर काय सांगावं. पहिली सुताची, मीच वळलेली. मरळ माशाने दोनदा तोडली. तू म्हणालास, ''गुरुजी, हे सूत टोपीले ठीक हाये, मरळीले नाई.'' मग ओळखीच्या कोष्ट्याकडून टसरीची रेशमी दोरी वळवून आणलीस, तिला जवसाचं तेल पाजलंस. सात वर्षं मी फडक्यात गुंडाळलेली चरखी घेऊन दर रविवारी पवनारच्या मोटरीत बसलो. आपल्या गावी चरखी नेणाऱ्याला लोक उठून जागा देतात. मास्तर सूत कातायला निघाले! मासा तू घरी न्यायचास आणि मी हात धुवायचो. साधी गोष्टसुद्धा मला घरी नेता येत नसे.

आता त्या दिवसाबद्दल एकदाच लिहितो. गेल्या वर्षी श्रावणात एका रविवारी धाम नदी तासाभरात चढली आणि बकऱ्या हाकायला गेलेला कवडू नदीतल्या काळ्या खडकावर अडकला. डोंगा मिळेना. काठीने शिशाचं वजन फेकून दोरी पलीकडे न्यायची, दोरीला सुतळी, सुतळीला जाड नाडा, ही युक्ती तुझीच. तिसऱ्या फेकीत वजन कवडूच्या पायाशी पडलं. त्याने दोरी मनगटाला गुंडाळली. ती पाण्याला टेकू नये म्हणून मी काठी उंच धरून उभा, आणि तू माझ्यामागे सुतळी बांधायला वाकलेला. तेवढ्यात घात झाला, काठी सांध्यातून सुटली आणि दोरी धारेत पडून तुटली. मग तू नाडा कमरेला बांधून उडी घेतलीस. भावाला आणलंस आणि उजव्या हाताची दोन बोटं खडकावर ठेवून आलास.

सांगायचं एवढंच की दोष कुणाचाच नव्हता. पावसाळी हवेत सांधा ढिला पडतो. विलायतेतही पडत असेल. तेवढ्यासाठी जन्माचं कसब टाकून द्यायचं नसतं.

काठीचे दोन्ही तुकडे मोटरीच्या कंडक्टरबरोबर पाठवत आहे. सांधा तूच पाहा, वाटला तर नवा कर. हाताला जुनी सवय आठवेल. चरखी आणि दोरी पाठवत नाही. त्यांचं इथे थोडं काम आहे.

अठरा तारीख विसरू नकोस.

तुझा
बंडोपंत


वर्धा,
ता. १५ नोव्हेंबर १९५९

रामाजीदादा,
साष्टांग नमस्कार.

हसू नका. तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहात, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. तरी सात वर्षं मी तुम्हाला अरे-तुरे करत आलो आणि पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद घालत आलो. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच फुकट होतं.

तुम्ही काठी बांधलेली तशीच परत पाठवलीत. सुतळीची गाठही सुटलेली नाही. कवडू ती घेऊन आला आहे आणि आत्ता, मी हे लिहितोय तेव्हा, ओसरीवर बसला आहे. सुमतीने चहा दिला, तो त्याने पायरीवर ठेवलाय. चहा निवतो आहे. चारच्या मोटरीने तो हिंगणीला जाणार, आणि हे पत्र घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणतो.

आल्या आल्या त्याने मला विचारलं, ''गुरुजी, एक गोष्ट विचारू? रागावसान नाई ना?''

मी म्हटलं, विचार.

''दोर सैल पडला तवा मले झटका नाई लागला. भिजल्या वातीवानी तुटला. अन् तवा काठी तुमच्या हातात अख्खी होती. साऱ्याइची तोंडं माह्याकडं होती, माहं तुमच्याकडं होतं. दोन तुकडे मंग झाले. काऊन?''

वर्गात असं कुणी विचारलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

''हे तू रामाजीला सांगितलंस?'' एवढंच मी विचारलं.

''सांगतलं ना, तवाच. दादानं थोबाडीत ठेवून देली. म्हणे, गुरुजी खोटं बोलत नाईत.''

दादा, ती थोबाडीत माझी होती, चुकून कवडूला बसली. आता खरं लिहितो. मध्ये विनोद आला तर सवय समजा, पळवाट समजू नका.

पुराच्या आधीच्या महिन्यात एका रविवारी मी नदीवरून भिजलेली दोरी तशीच चरखीवर गुंडाळून आणली. घरी येऊन न्हाणीमागे वाळवायची, हा आपला नेम. तुम्ही दर खेपेला बजावायचात, ''गुरुजी, टसर वाळवल्याबिगर गुंडाळू नका, सडते.'' त्या दिवशी घरी येतो तो ओसरीवर सुधाला पाहायला आलेली मंडळी. सुधाचे होणारे सासरे तक्क्याला टेकून जीवदयेवर बोलत होते. मुंगीवर पाय पडू नये म्हणून ते खाली बघून चालतात असं कळलं. अशा व्याह्यासमोर मी मासे धरायची दोरी अंगणात पसरणार? मी माजघरात गेलो आणि चरखी पेटीत लोकरीच्या कपड्यांखाली दडपली. लग्न ठरलं. त्या गडबडीत ती बारा दिवस तशीच राहिली.

पेटी उघडली तेव्हा बुरशीचा वास आला. दोरी बोटांत धरून ताणली, तर तुटली. मी वरची दहा हात दोरी कापून टाकली, उरलेली उन्हात घातली आणि स्वतःला सांगितलं की बाकीची धड आहे. ती ताणून पाहिली नाही. पाहिली असती तर तुम्हाला सांगावं लागलं असतं, आणि तुमच्यापुढे मी सात वर्षं दोरी वाळवण्यात पटाईत म्हणून मिरवत होतो. एवढीच माझी अब्रू. तीही खोटी.

पुराच्या दिवशी काठावर गर्दी होती. वजन बांधताना तुम्ही मान वर करून विचारलंत, ''गुरुजी, दोर वाळवेल होता ना?''

मी म्हटलं, ''हो.''

त्या एका शब्दावर तुम्ही तुमचा भाऊ बांधलात.

पण एवढ्यावर थांबलो असतो तरी मी नुसता हलगर्जी ठरलो असतो. पुढचं लिहायला हात वळत नाही. कवडूने आत्ताच ओसरीवरून खाकरून आठवण दिली.

दोरी तुटली ती मधेच, पाण्यावर. काठीला काही झालं नव्हतं. तुम्ही मागे वाकलेले होतात, गर्दी कवडूच्या नावाने ओरडत होती. तुम्ही मान वर कराल, तुटलेली दोरी हातात घ्याल, बोटांनी चोळाल आणि एका क्षणात ओळखाल, हे मला दिसलं. आणि मी सांधा ओढला. दोन्ही हातांनी, जोर लावून. तो निघाला तेव्हा 'टप्' वाजला, दादा. पुराच्या आवाजात कुणाला ऐकू गेला नाही. मला गेला. मी दोन तुकडे वर धरले आणि ओरडलो, ''सांधा सुटला!''

कुणी पुरावा मागितला नाही. दोष बुरडाच्या हातचा होता आणि सांगणारा मास्तर होता. तेवढं सगळ्यांना पुरलं. तुम्हालासुद्धा पुरलं, हे मला सर्वांत जड जातं. ती दोरी हातात न घेताच तुम्ही नाडा कमरेला बांधलात. माझ्या सांध्याने भाऊ सोडला, तर मीच आणतो, असं म्हणून तुम्ही गेलात.

गेल्या आठवड्याच्या पत्रातही मी तेच केलं. सांधा तुमच्याकडे धाडला आणि दोरी घरी ठेवून घेतली. वर पुन्हा हवेवर ढकललं.

आता कवडूबरोबर सगळंच पाठवतोय. चरखी, दोरी, काठी. दोरी कुठेही धरून ताणा, तिला माझ्या वकिलीची गरज नाही. नायलॉनची एक गुंडाळी आहे, मुंबईहून मागवलेली. ती सडत नाही म्हणतात. माझ्यासारख्यासाठी ती बरी. तुम्ही हे घ्यावं असा आग्रह नाही. क्षमाही मागत नाही. ती मागितली तर तुम्ही द्याल, आणि मग मला पुन्हा फुकट मिळेल. सेलूला होकार कळवा, एवढंच म्हणतो. अठरा तारखेच्या आत. पोरांना सांधा कसा करावा हे शिकवायला तुमची आठ बोटं पुष्कळ आहेत. हवी तर त्या शाळेत हे पत्र वाचून दाखवा. पवनारच्या काठावर त्या दिवशी जे होते, त्यांना येत्या रविवारी बाजारात मी स्वतः सांगणार आहे. सुमतीला आत्ताच सांगितलं. ती काहीच बोलली नाही. तिच्या तोंडून काही न ऐकण्याची ही माझी पहिलीच वेळ.

इथवर लिहून मी ओसरीवर गेलो आणि कवडूला सगळं वाचून दाखवलं. तो खाली मान घालून ऐकत होता. शिव्या देईल असं वाटलं, दिल्या नाहीत. काठीची सुतळी त्याने दातांनी सोडली. दोन तुकडे जोडले, घट्ट बसवले आणि ओढले.

टप्.

त्याने पुन्हा जोडले, पुन्हा ओढले. पुन्हा वाजला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ''द्या पत्र. मोटर चुकन.''

चहा तसाच राहिला आहे.

तुमच्या हातचा सांधा जिता आहे, हे पंधरा महिने ठाऊक असलेला,
बंडोपंत