इतवारीच्या नावचा गूळ

मु. पळसटोला, धानोऱ्याजवळ
ता. २१ मार्च १९५४

चि. गुणवंतास सोमाजीकाकाचा आशीर्वाद. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नको. आठ दिवस रोज लिहायला बसतो आणि काय लिहावं ते सुचत नाही. हिवताप उतरला का? चांद्याच्या दवाखान्यात दूध देतात की नुसतं पांढरं पाणी? तुझी काकू म्हणते, पोरगा वाळून काठी झाला असेल. ती स्वतः दोन दिवस जेवली नाही, पण ते तुला कळवू नका म्हणाली.

तू शाळेची किल्ली माझ्या हाती दिलीस. मी दुसरी पास. तरी तू म्हणालास, काकाजी, नुसती शाळा उघडी ठेवा, पोरांकडून वाचून घ्या. ठेवली. रोज झाडतोही मीच. पण मोहफुलं पडू लागली आणि शाळा रिकामी झाली. एकेक घर आपापल्या मोहाखाली राहायला गेलं. पोरं पहाटे फुलं वेचतात आणि मग गुरांनी खाऊ नयेत म्हणून दिवसभर राखत बसतात. तुझ्या बावीस पोरांपैकी पाच येतात, त्यातली दोन झोपतात. मुखरूच्या बापाला झाडाखाली जाऊन गाठलं. तो म्हणाला, भाऊ, मोहा थांबते का कोनासाठी? शाळा तं थांबते. मी त्याच्याच चटईवर बसून पाणी प्यालो आणि परत आलो.

आता खरी चिंता. शुक्रवारी डिपोटीसाहेब तपासणीला येणार. विसाच्या खाली पोरं दिसली तर शाळा बंद करून धानोऱ्याला जोडू, असं मागच्या खेपेला बोलून गेले होते. धानोरा सात मैल. कोणाचं पोर जाईल रे?

म्हणून मी एक तोड काढली. नाल्यापलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीत शाळा नाही. तिथली मोहाची झाडं घरांना लागूनच आहेत, पोरं वेचून लवकर मोकळी होतात. तिथला पोचू माझ्या ओळखीचा. त्याची पोरगी सोमारी आणि शेजारची चौदा अशी पंधरा पोरं आणली. एकेकाला आपल्या गैरहजर पोराचं नाव दिलं, नावामागे रोज गुळाचा एक खडा. सोमारी झाली इतवारी. बसायची सवय व्हावी म्हणून शुक्रवारपर्यंत रोज बोलावलंय. तोवर गप्प कशी ठेवायची? तू सुरुवातीला करतोस तसंच, ज्याचं त्याला स्वतःचं खरं नाव पाटीवर गिरवायला दिलं.

बरं केलं की वाईट? मला झोप नाही. माया आहेच, ती ठेव.

तुझा
सोमाजीकाका

✽

चांदा
ता. २५ मार्च १९५४

तीर्थस्वरूप काकाजींच्या चरणी गुणवंतचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आपलं पत्र आजच मिळालं. हे पोचेपर्यंत शुक्रवार उलटून गेलेला असेल, म्हणून लिहावं की नाही असं वाटलं.

काकाजी, हे करायला नको होतं. मी सात वर्षांचा असताना शेजारच्या लटारूच्या झाडाची टेंभरं चोरली, तेव्हा खाऊन उरलेली चार तुम्ही त्याच्या दारात परत ठेवायला लावलीत. त्या वाटेवर मी रडत होतो आणि तुम्ही मागून चालत होता. पोरांना मी जे काही सांगतो ते त्या वाटेवरचंच सांगतो. आता कोणत्या तोंडाने सांगू?

रागाने लिहीत नाही. ताप गेला, अंगात राग धरण्याइतकंही बळ नाही. आठ वर्षं मी दारोदार फिरून पोरं गोळा केली. दर मोहाला ती निघून जातात आणि दर पावसाळ्यात मुळाक्षरांपासून सुरू करतो. मी थकलो आहे. इथल्या शाळेत बदली मागणारा अर्ज लिहून ठेवला आहे. अजून दिलेला नाही. काकूंना सांगू नका.

आपल्या आशीर्वादाची सावली असू द्यावी.

आपला
गुणवंत

✽

मु. पळसटोला
ता. ६ एप्रिल १९५४

चि. गुणवंतास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी आलं, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. टेंभरांचं वाचलं आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं. तेव्हापासून खिशातच आहे.

काय झालं ते सांगतो. साहेब सायकलने आले, घामाने भिजलेले. हजेरी घेऊ लागले. टोल्यावरचा लालसू मुखरूच्या नावाला हजर म्हणाला, बाकीचीही नीट बोलली. मग इतवारीचं नाव आलं. कोणी बोलेना. साहेबांनी तीनदा पुकारलं. मी सोमारीला डोळ्याने खुणावत होतो. ती उठली आणि म्हणाली, इतवारी मोहाखाली गेली जी, मी सोमारी. आणि पाटी पुढे धरली. पाच दिवसांत शिकलेलं नाव होतं, वाकडं पण पुरं. म्हणाली, हे माह्यं हाये, मी दुसऱ्याचं कशी सांगू?

मीच शिकवलं होतं रे तिला.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाटी बराच वेळ पाहिली आणि मला विचारलं, तुमची खरी किती? मी पाच सांगितली. ते म्हणाले, गुरुजी परत आले आणि महिन्याभरात आपापल्या नावाची वीस पोरं बसली तर शाळा राहील. टोल्यावरची चालतील, पण त्यांच्याच नावाने.

गावात मला तोंड नाही. तुझी काकू म्हणते, या वयात आता अंगठे धरून उभे राहा. टोल्यावरची बाकीची पोरं रोजचा गूळ थांबला तशी गेली. पोचूने लेकीला टोमणा मारला की नाव सांगाले गेली अन् काकाजीचं नाव घालवून आली. तरी ती रोज येते, फुलं वेचून, नाला ओलांडून, हाताला मोहाचा वास घेऊन. मी उरलेला गुळाचा खडा दिला तर तिने परत केला. म्हणाली, तो इतवारीच्या नावचा होता. मी तो फळीवर ठेवलाय, मुंग्या लागल्यात, पण उचलवत नाही.

तिच्यामागे आता लालसू आणि आणखी दोघं येऊ लागलीत, बिनगुळाची. पाच आणि चार, नऊ झाली. पण माझं शिकवणं संपलं. बापाचं नाव, टोल्याचं नाव लिहून झालं. काल तिने भिंतीवरच्या नकाशात आपलं गाव कुठी हाये विचारलं. मला सापडेना. हिरव्या भागावर कुठेतरी बोट ठेवलं, तर म्हणाली, इथी नाव काऊन नाई? मी म्हटलं, गुरुजी सांगतील. मग तिने विचारलं, गुरुजी कधी येनार.

मी केरसुणी घेऊन झाडायला लागलो. तू थकलास, ते मला समजतं. माझेही गुडघे आता नाला ओलांडू देत नाहीत. अर्ज द्यायचा असेल तर दे, मी अडवणार नाही, काकूला मीच सांगेन. पण जे असेल ते लिही. ती उद्या पुन्हा विचारेल, आणि त्या पोरीशी मला खोटं बोलता येणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नको. धानोऱ्याचा टपालवाला शनिवारी येतो. पुढच्या शनिवारी दोन ओळी तरी याव्यात, गुणवंत. वाट पाहतो.

तुझा
सोमाजीकाका