विंगेतल्या स्टुलाची वाटणी

मी, खाली सही करणारी, धंद्याने प्रॉम्प्टर, आता निवृत्त, अविवाहित, गुडघे सोडले तर बाकी सगळी शाबूत, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि कोणत्याही अमलाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. ‘कोणत्याही अमलाखाली नसताना’ हे शब्द वकीलसाहेब सगळ्यांच्याच मृत्युपत्रात घालतात. आमच्या घरात ते टोमण्यासारखे ऐकू येतील, त्याला माझा इलाज नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्या माझ्या नातवाच्या, म्हणजे भाच्याच्या मुलाच्याही डॉक्टर, त्यामुळे आमच्या घरातली डोकी त्यांच्या चांगल्या ओळखीची आहेत.

हे मृत्युपत्र माझ्या पश्चात माझ्याच पुढच्या खोलीत, सर्वांदेखत, याच नातवाने म्हणजे पोपटाने मोठ्याने वाचावे. तो अडला तर कोणीही शब्द सुचवू नये. कंसातल्या सूचना त्याच्यासाठी आहेत. मृत्युपत्रात असे कंस नसतात, असे वकीलसाहेब म्हणाले. मी त्यांना सांगितले, माझी सारी मिळकत नाटकातली आहे, तेव्हा एवढे चालवून घ्या.

कलम १. भांडीकुंडी, लोखंडी कपाट आणि शिलाई मशीन माझ्या भाचेसुनेला, म्हणजे पोपटाच्या आईला. मशीनचा पट्टा सैल आहे. कपाटाचे दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही, आणि ती लाथ खालच्या बाजूला मारावी.

कलम २. आमच्या नाटक मंडळीचे ज्येष्ठ नायक प्रत्येक मुलाखतीत आपले पाठांतर चोख असल्याचे सांगतात. त्यांना मी त्यांच्या गाजलेल्या नाटकाची माझी प्रत ठेवते. जिथे जिथे ते अडले आणि मी शब्द दिला, तिथे निळ्या पेन्सिलीची खूण आहे. प्रत पाहून त्यांना ती निळ्या कागदावरच छापली आहे असे वाटेल. तसे वाटू द्यावे, त्यांचे वय झाले आहे.

ज्यांनी नाटक फक्त समोरून पाहिले त्यांच्यासाठी सांगते. प्रॉम्प्टर विंगेत, प्रेक्षकांना दिसणार नाही असा बसतो. नट अडला की पुढचा शब्द त्याला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही इतक्या आवाजात द्यायचा. हे कोणालाही जमते. अवघड आहे ते ओळखणे, की नट अडला आहे की त्याने मुद्दाम थांबून पॉज घेतला आहे. पॉजमध्ये शब्द दिला तर नट जन्मभर तोंड बघत नाही. माझी खूण साधी होती. अडलेल्या नटाचा डोळा विंगेकडे वळतो आणि पॉज घेणाऱ्याचा समोरच राहतो.

कलम ३. भाच्याच्या फ्रिजवर ठेवलेला पोपटाचा अभिनयाचा करंडक त्याच्या कॉलेजातल्या दिग्दर्शकाला द्यावा. (पोपट, इथे सावकाश वाच.) हे पोर लहानपणी विंगेत माझ्या पायाशी बसून सगळ्यांचे संवाद ऐकायचे आणि घरी येऊन बायकामाणसांच्या आवाजांसकट म्हणून दाखवायचे, म्हणून पोपट. पुढे कॉलेजात त्याने एकांकिका केली. भाषणाच्या मधोमध तो थांबला. सगळे सभागृह श्वास रोखून बसले. विंगेत मीच होते. मी तोंड उघडले, त्याच्या डोळ्यांकडे पाहिले, ते सरळ समोर होते, म्हणून तोंड मिटले. बऱ्याच वेळाने तो पुढे बोलला. परीक्षकांनी ‘संयत मौना’साठी पहिला नंबर दिला. दिग्दर्शकाने बाकीच्या मुलांना तो पॉज शिकायला लावला.

गाडीत पोपट मला म्हणाला, “आजी, मी कुठे होतो तेच मला कळत नव्हतं.” आम्ही सगळे खूश झालो. भूमिकेत किती शिरला होता, असे त्याचे वडील चार ठिकाणी सांगत सुटले. तो शिरला होता गांज्यात, आणि विंगेकडे बघितले नाही कारण विंग असते हेच त्याच्या लक्षात नव्हते. विस्मरणाला करंडक मिळाल्याचे हे माझ्या माहितीतले एकच उदाहरण. त्यावर दिग्दर्शकाचाही हक्क पोहोचतो.

कलम ४. आरामखुर्ची माझ्या भाच्याला. गांजा किती वाईट हे तो रोज संध्याकाळी ग्लास हातात धरून, बसूनच फार छान समजावतो. उभ्याने त्याला ते तितके जमत नाही. पोपटाचे उत्तर ठरलेले असे, की आपले निदान झाडाचे आहे, नैसर्गिक आहे. मी म्हटले, कण्हेरही नैसर्गिकच आहे, मग चटणी करू का? त्यावर बापलेक दोघेही माझ्यावर रागावले. त्या वर्षात त्यांचे एकमत झालेला तो एकच विषय.

कलम ५. यात कोणाला काही मिळत नाही, पण हे लिहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही. एका दुपारी तालमीत पोपटाने संहिता फेकली आणि विंगेकडे बघून ओरडला, “आजी, पुरे कर ना. सारखी काय कुजबुजतेस कानात?” विंगेत कोणी नव्हते. मी त्या वेळी दातांच्या डॉक्टरकडे तोंडात नळी घालून बसले होते. लोकांनी आधी तो अभिनयच समजला, एक-दोघांनी टाळ्याही वाजवल्या. मग तो कान दाबून खाली बसला, तेव्हा त्यांनी मला फोन केला.

(इथे पाणी पी.) मला त्या दिवसाचे फार वाईट वाटते, अजून वाटते. मी जन्मभर आवाज जपला तो अडलेल्या माणसाला हात देण्यासाठी. त्या धुराने तोच आवाज उचलला आणि माझ्याच पोराला भिववायला वापरला. याचा राग मी कोणाच्याही नावे करून जात नाही, तो मी बरोबर नेते.

डॉक्टरीणबाई त्याच्याशी बोलू लागल्या तेव्हा सगळी उत्तरे त्याची आईच देत होती. झोपतो हो, जेवतो हो, अभ्यासाचा ताण आहे हो. शेवटी बाईंनी तिला बाहेर बसवले, तेव्हा कळले की हे गच्चीवर शाळेच्या शेवटच्या वर्षांतच सुरू झाले होते. बाईंनी आरडाओरडा केला नाही, लेक्चरही दिले नाही. त्या वयात मेंदूचे बांधकाम चालूच असते, म्हणाल्या, आणि स्मरणशक्ती आणि लक्ष यांना आधी धक्का बसतो. काहींना भास होतात. सगळ्यांना नाही, पण कोणाला होतील हे आधी सांगता येत नाही. सोडले तर पुष्कळ सुधारते, पण वेळ लागतो, आणि पाय घसरला तर त्याने स्वतः येऊन सांगायला हवे. पोपटाने सोडला. मग मित्राच्या वाढदिवसाला ओढला. मग पुन्हा सोडला. आज विचारले तर म्हणतो, “सध्या नाही.” ‘सध्या’ हा शब्द त्याचा आहे, मी त्यात बदल केलेला नाही.

कलम ६. कुलूपवाल्याच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या. भाच्याचा आग्रह होता की अट घालावी, लघवीची तपासणी स्वच्छ आली तरच खोल्या पोपटाला, नाहीतर विकाव्यात. वकीलसाहेबांनी तसा मसुदाही सुबक केला होता. मी तो फाडायला लावला. नटाला प्रॉम्प्टरची भीती बसली की तो अडल्याचे लपवतो, भलतेच काहीतरी बोलून वेळ मारून नेतो आणि समोरच्याचेही नाटक बिघडवतो. घर जाईल या भीतीने पोपट पुढच्या वेळी डॉक्टरांकडे न जाता गच्चीवर जाईल. म्हणून दोन्ही खोल्या पोपटाला, बिनशर्त. (वडिलांकडे बघू नकोस. वाचत राहा.) बँकेत जे असेल ते त्याच्या उपचाराला, आणि उरेल ते त्याच्या आईला.

कलम ७. विंगेतले माझे स्टूल आणि अंधारात संहिता वाचायची, निळा कागद लावलेली बॅटरी, हेही त्याच्या आईलाच. भाचेसूनबाई, तू चांगली आहेस पण तुझ्या तोंडाला दम नाही. पोराचे वाक्य निम्मे होते न होते तोच तू पुरे करतेस, अगदी हॉटेलात त्याचा चहासुद्धा तूच सांगतेस. त्यामुळे तो अडला आहे हे कोणालाच कळले नाही, त्यालासुद्धा. स्टूल घ्यायचे तर माझा नियम घ्यावा लागेल. जवळ बसायचे, लक्ष पोराकडे ठेवायचे आणि त्याने बघेपर्यंत गप्प राहायचे. त्याने बघितले की मात्र ताबडतोब बोलायचे.

पोपट, नियमाचा अर्धा भाग तुझा आहे. बघावे तुलाच लागेल. त्यासाठी तुला एक वाक्य ठेवते. माझ्या साऱ्या नोकरीत एकाही नटाने ते मोठ्याने म्हटले नाही, सगळे नुसते घामाघूम होऊन उभे राहिले. घरात आणि दवाखान्यात ते म्हणायला बंदी नाही. वाक्य असे : “मला पुढचं आठवत नाही, सांग.” आता मान वर कर, आईकडे बघ आणि ते एकदा म्हण.

(इथे थांबावे. तो वाक्य म्हणेपर्यंत आईने बोलू नये.)

वरचे सर्व मी स्वतः लिहिले, साक्षीदारांसमोर स्वतः वाचून दाखवले, आणि कलम पाच सोडता कुठेही अडले नाही. याआधीचे कुठलेही मृत्युपत्र कोणी पुढे केले तर ते रद्द समजावे.

स्थळ : माझी पुढची खोली.
दिनांक : वकीलसाहेबांच्या शिक्क्यावरचा. वार सोमवार, प्रयोग नसलेला.

सही : (प्रॉम्प्टर)

साक्षीदार १ : थिएटरचे लाइटवाले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही हे त्यांना सही केल्यावर कळले. बॅटरीवर त्यांचा डोळा होता.

साक्षीदार २ : तिकीट खिडकीवरच्या बाई. सही करताना त्यांनी विचारले, पोरगा ते वाक्य म्हणाला नाही तर? त्यांना सांगितले आहे, खुर्च्या हलवू नका, बसून राहा.