जुना दिसणारा रंग

प्रिय ताई,

पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, आई ठणठणीत आहे. कालच दूधवाल्याशी तासभर भांडली. फोन करायचा सोडून हा कागद का काळा करतोय, असं तू म्हणशील. फोन मी तीनदा लावला होता. तू “हं, बोल रे” म्हणालीस की मी तुझ्या मैत्रिणीकडे झोपायला जागा पुरते का, तेवढं विचारून ठेवून देतो. ती जागा पुरत नाही हे मला ठाऊक आहे. कपाट आणि सोफ्याच्या मधे अंथरूण घालून, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ते गुंडाळून तू हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कामाला जातेस. माझी ताई, जिला स्वतःची उशी कुणी हलवलेली चालायची नाही.

तू सोडलेल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत नवीन बिऱ्हाड आलंय. नवरा बेकरीत कामाला, बायको घरी शिवण करते, तीन वर्षांची एक मुलगी आहे. मुलगी आमच्या दारात येऊन आईची काठी पळवते आणि आई खोटंखोटं रागावते. त्या लोकांबद्दल पुढे लिहितो. आधी मागचं.

तुझ्या खोलीत गॅलरीच्या दारावरच्या तुळईला भेग पडली, तेव्हा तू मालकाला चारदा सांगितलंस. मग प्लास्टरचा पोपडा सुटून आतल्या गंजलेल्या सळ्या दिसायला लागल्या. दर महिन्याच्या एक तारखेला तू भेगेच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख लिहायचीस आणि मी तुझी थट्टा करायचो, की भेगेची उंची मोजतेस की काय पोरासारखी. शेवटी तू नगरपालिकेत अर्ज दिलास. आठवड्याभरात तुझ्या मजल्याचं पाणी बंद झालं. वॉल्व्ह बिघडलाय म्हणे. जिन्यातला दिवा काढून नेला. तू खालून बादल्या भरून अंधारात चढायचीस आणि दोन बादल्या मीही उचलायचो, हे आठवून मी पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घातली.

त्याच दिवसांत मालकाने मला बोलावलं. चहा मागवला. म्हणाला, तुझी खोली तुझ्या बहिणीच्या ओळखीवर दिलीय, ती गेली की तुम्हीही जाणार, आणि आईला या वयात कुठे फिरवशील? शिवाय माझ्या तीन इमारती रंगवायच्या आहेत, बाहेरचा पेंटर कशाला आणू? उद्या तपासणी आहे, तेवढी ती भेग नीट करून दे, म्हणजे भाडेकरूचंही भलं. मी आईचं नाव पुढे करू शकतो. आतापर्यंत मनातल्या मनात तेच करत होतो. पण खरं सांगतो ताई, तीन इमारतींचं ऐकून मला आनंद झाला होता.

तुझ्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची. तू कामावर गेलीस आणि मी वर गेलो. सळ्यांवर जाळी बसवली, पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासलं. तुझ्या पेन्सिलीच्या तारखा त्यातच गेल्या. मग रंगाचे दोन हात मारले. इथवर कुणीही दुरुस्ती म्हणेल, मीही म्हटलं असतं. पण नवा रंग जुन्या भिंतीवर ठिगळासारखा उठून दिसतो. म्हणून मी त्यात चिमूटभर काळा आणि पिवळा मिसळला, वर फडक्याने धूळ चोळली, दाराच्या कडेला हात लागून लागून पडतो तसा डागसुद्धा पाडला. दुरुस्ती करणारा माणूस रंग जुना दिसावा म्हणून धडपडत नाही. मी काय करतोय हे मला पुरतं कळत होतं, आणि लाज अशी की काम संपल्यावर मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि मला ते आवडलं.

संध्याकाळी तू धावत खाली आलीस. मालक स्वतःकडच्या किल्लीने घरात शिरला आणि भेग बुजवून गेला, म्हणालीस. मी तुला चहा करून दिला आणि तुझ्या बरोबरीने त्याला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. तू फोनमधले फोटो दाखवलेस, तर मालक म्हणाला, अशी भेग कुठल्याही भिंतीची असेल. मग तू माझ्याकडे वळलीस. हा माझा भाऊ पेंटर आहे, म्हणालीस. मला म्हणालीस, “तूच सांग, हा रंग कालचा आहे ना?” किती विश्वासाने विचारलंस. आणि मी भिंतीवर बोट फिरवल्यासारखं केलं आणि म्हणालो, सांगता येत नाही.

खोटी तक्रार आणि बदनामी, असं लिहून पंधरा दिवसांत तुला खोली सोडायची नोटीस आली. तू सामान बांधत होतीस तेव्हा ती भेग कधी न पाहिलेली आई म्हणाली, नसलेली भेग दाखवायला कशाला गेलीस. त्यावरून तुमचं बोलणं तुटलं, ते अजून तसंच आहे. मी तिथेच बसून दोऱ्यांना गाठी मारत होतो.

परवा त्या नवीन बिऱ्हाडातल्या बाईंनी मला वर बोलावलं. तुळईखाली फळी ठोकायची होती आणि फळीच्या बरोबर खाली मुलीचं अंथरूण होतं. मी हातोडा घेऊन स्टुलावर चढलो. माझ्या रंगातून केसाएवढी रेघ बाहेर आली होती. मी खाली उतरलो आणि त्यांना म्हणालो, अंथरूण आत्ताच्या आत्ता हलवा, गॅलरीच्या दाराकडे कुणी फिरकू नका. त्यांनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून ते निघालं. जे तुला सांगायला हवं होतं, ते मी एका परक्या बाईला सांगितलं. काल आईलाही सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

त्या नोटिशीविरुद्ध तू केलेल्या दाव्याची सोमवारी सुनावणी आहे. मी येतोय. भेग कुणी बुजवली, कशी बुजवली, सगळं तिथे सांगणार आहे. मालकाला आजच कळवलंय, तेव्हा आमचीही नोटीस येईलच. पण तिथे बाकावर तू बसलेली असशील. मला दारात बघितलंस की सवयीने सरकून शेजारी जागा करशील, पिशवी मांडीवर घेशील, दमलास का विचारशील. काही माहीत नसताना तू माझ्यासाठी सरकावंस, हे मला सहन होणार नाही. म्हणून हे पत्र. वाचून झाल्यावर तू नाही सरकलीस, तर मी उभा राहीन.

तुझाच,
धाकटा