तुझं ‘अनपोलाइट’

प्रिय मंगल,

लग्नाच्या बेचाळीस वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. तू जाऊन वर्ष होत आलं, आणि आता बसलोय लिहायला. आज दुपारी आपल्या सईने वहीत एक शब्द लिहिला, तेव्हापासून चैन नाही.

आजीची लाडकी तिसरीत गेली बरं का! शब्दाच्या पुढे छोटा तुकडा जोडून उलट अर्थाचा शब्द करायचा, असा गृहपाठ होता. हॅपीचं अनहॅपी, काइंडचं अनकाइंड. मग पोलाइट आलं. तिने लिहिलं, अनपोलाइट.

आठवलं ना?

आपण बदलापूरला घर घेतलं तेव्हा अंबरनाथच्या कंपनीतले माझे साहेब चहाला आले होते. आपला अजय तेव्हा दुसरीत. पोळ्या लाटता लाटता तू त्याच्या वहीतून इंग्रजी शिकत होतीस. शब्दांचे तुकडे सुटे करायचं तुझं तुलाच सापडलं होतं. “अहो, टीच करते ती टीचर, सिंग करतो तो सिंगर. मागे ‘अर’ लावला की माणूस तयार!” केवढी खूश होतीस! मी पेपरातून डोकंही वर काढलं नव्हतं.

अजयने साहेबांच्या बशीतलं बिस्किट उचललं आणि तू म्हणालीस, “अजय, डोन्ट बी अनपोलाइट.”

साहेब हसले. मी त्यांच्याहून मोठ्याने हसलो. “आमच्या मॅडमनी स्वतःची डिक्शनरी काढलीय!”

ते गेल्यावर कपबशा विसळताना तू विचारलंस, “मग बरोबर काय, ते तरी सांगा.”

“तुला सांगून काय उपयोग?”

मंगल, मलाच माहीत नव्हतं गं! साहेब हसले म्हणून मी हसलो.

तेवढ्यावर तरी थांबायचं ना मी! प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तो किस्सा सांगितला. तूही हसायचीस. का हसायचीस? एकदा तरी चारचौघांत गप्प करायचंस मला!

पुढे जवळच्या बालवाडीत बाईंची जागा निघाली. थोडंफार इंग्रजी हवं होतं. “मला कुठे जमणार?” तू म्हणालीस. माझ्या तोंडाकडे बघत होतीस, ते आता कळतंय. मी म्हणालो, “तेही खरंच.” मग जीन्सच्या कारखान्यात धागे कापत अकरा वर्षं काढलीस. इंग्रजीचा एक शब्द पुन्हा तोंडातून काढला नाहीस.

आज सईला म्हणालो, चूक आहे. तिने विचारलं, “मग बरोबर काय, आजोबा?” मला अजूनही माहीत नव्हतं!

सूनबाई आतून आली. “पोलाइटला ‘इम’ लागतं. इम्पोलाइट. पण बाबा, नियम कळला म्हणूनच तर चुकली ती. शाबासकी द्या तिला.”

दिली.

पुढच्या महिन्यात तुझ्या भाच्याचं लग्न आहे. कुणीतरी म्हणेलच, “भावोजी, तो अनपोलाइटचा किस्सा सांगा!” सांगीन. पण या वेळी सगळा सांगीन. तू काय विचारलंस, मी काय उत्तर दिलं, आणि हसणाऱ्यालाही तो शब्द येत नव्हता, हे तुझ्या माहेरच्यांसमोर उभं राहून सांगीन. मग कुणी हसलं नाही तरी चालेल.

तुझा अपराधी,
सदानंद