ड्रायव्हरशेजारची जागा

२ मार्च, नदीकाठचा तळ

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल आहोत आणि अजून एकमेकांशी बोलतो आहोत. चाकांवरच्या घरात आठवडा काढल्यावर हेही काही कमी नाही. चौतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाने निवृत्त झाल्यावर घरी बसावं की नाही? तुझ्या भाऊजींनी ही जुनी कॅराव्हॅन घेतली. आत शेगडी, पलंग, मोरी, सगळं आहे. फक्त श्वास एका वेळी एकानेच घ्यायचा. ह्यांनी कूस बदलली की माझी भांडी वाजतात. नदीच्या काठाने मुखापर्यंत, मग समुद्राच्या कडेने गावोगाव, असा बेत आहे. गावं मात्र डोळ्यांचं पारणं फेडणारी. काल एक आजीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून नदीत गळ टाकून बसलेल्या पाहिल्या.

एकच कटकट. हे मला प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायला लावतात. म्हणतात, ड्रायव्हरने रस्ता बघायचा, पाट्या शेजारच्याने. परवा एका म्हाताऱ्याला रस्ता ओलांडू द्यायचा म्हणून गाडी थांबवली. तो हलेना तेव्हा चिडून उतरले. जवळ जाऊन बघतात तो बुजगावणं! परत येऊन म्हणाले, बिचाऱ्याला आजवर कुणी मान दिला नव्हता. मी हसून हसून बेजार.

उत्तर पुढच्या गावच्या पोस्टात पाठव. भांडायला तू जवळ नाहीस, याची चुटपुट लागते.

तुझी ताई

६ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि गिऱ्हाइकासमोर फिदीफिदी हसले. दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू मावळलं. ताई, बावीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावते आहे. ज्याला दिसत नाही तो तसं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, तुमचा तक्ताच पुसट आहे. भाऊजी आज बुजगावण्याला माणूस समजले, उद्या माणसाला बुजगावणं समजतील.

सरळ विचारू नकोस, ते कबूल व्हायचे नाहीत. लांबून काहीतरी दाखव. दिसलं नाही तर किल्ली काढून घे. आणि तुझ्या लायसन्सचं काय लोणचं घालायचंय? चाळिसाव्या वर्षी हट्टाने काढलंस, दर वेळी मुदत वाढवून घेतेस, आणि भाऊजी हात लावू देत नाहीत म्हणून शेजारी बसून राहतेस!

रागावलीस तरी चालेल, पण पत्र लगेच टाक.

तुझीच, धाकटी

१२ मार्च, बंदराचं गाव

चि. धाकटीस, आशीर्वाद.

घेतली परीक्षा. धक्क्यावर बारा पावलांवर उभी राहिले आणि ह्यांना चांगली वीतभर जीभ काढून दाखवली. ह्यांनी प्रसन्न हसून हात हलवला. एवढ्या संसारात माझ्याकडे बघून इतके प्रसन्न कधी हसले नव्हते. मला रडूच फुटलं.

विचारल्यावर आधी ऊन म्हणाले, मग धुकं, मग काच. शेवटी बोलले. वर्षभर डाव्या डोळ्यापुढे दूध सांडल्यासारखं आहे, उजवाही त्याच वाटेने निघालाय. मोतीबिंदू. डॉक्टर गाडी बंद करतील म्हणून गेले नाहीत, आणि डोळ्याला हत्यार लागण्याआधी एकदा समुद्र बघायचा म्हणून ही घाई. स्टिअरिंग सोडलं तर मी कोण, असं मला विचारलं. मी किल्ली मागितली. दिली, पण एकेक बोट सोडवावं लागलं. डोळ्यांचं हॉस्पिटल किनाऱ्याने ऐंशी किलोमीटरवर आहे. उद्या मी चालवणार.

तुझा आशीर्वाद वयात बसत नाही, तरी दे.

ताई

१६ मार्च, हॉस्पिटलच्या आवारातून

मेहुणीबाईंस नमस्कार.

अक्षर भोपळ्याएवढं काढलंय, कारण मला तेवढंच दिसतं. चहाडी केलीत म्हणून भांडणार होतो, पण तुमच्या बहिणीशेजारी बसून ताकद संपली. ऐंशी किलोमीटरला तीन दिवस! मागे एवढी रांग, की एका गावात लोकांना मिरवणूक वाटली. वळण आलं की मी नसलेला ब्रेक दाबतो. पायाखालची चटई फाटली. अरुंद पुलावर समोरून ट्रक आला. मी डोळे मिटले, तशीही त्यांची गरज नव्हती. उघडले तेव्हा ट्रक मागे सरकत होता आणि ही हात हलवून त्याचे आभार मानत होती. चौतीस वर्षांत माझ्यासाठी कुणी मागे गेलं नाही.

उद्या डावा डोळा. भीती वाटते. हिला सांगू नका. पत्र हीच पोस्टात टाकणार आहे, पण पाकीट मी नीट चिकटवलंय.

आपला, भाऊजी

(चिकटवलं नव्हतं. – ताई)

२ मे, समुद्रकाठ

चि. धाकटीस, आशीर्वाद.

दोन्ही डोळे सुखरूप झाले. पहिली पट्टी निघाल्यावर ह्यांनी समुद्र बघितला, बराच वेळ. मग वळून गाडीची डावी बाजू बघितली. तिच्यावर दोन हिरव्या फाटकांची आणि एका खांबाची सही आहे. मी म्हटलं, खारी हवा पत्रा खाते. हे म्हणाले, हवेला हिरवा रंग असतो हे आजच कळलं.

काल डॉक्टरीणबाईंनी तू पाठवलेला चष्मा तपासून गाडी चालवायला परवानगी दिली. आनंद झाला आणि, खोटं कशाला बोलू, किल्ली परत द्यायचं जिवावरही आलं. आज सकाळी शेगडी पुसली, भांडी बांधली, किल्ली लावून ठेवली आणि मुकाट्याने शेजारच्या सीटवर जाऊन बसले. हे गाडीला वळसा घालून आले ते माझ्याच दाराशी. म्हणाले, एवढी वर्षं एकाच रस्त्यावर गाडी चालवली, पण कडेला काय होतं ते कधी बघितलंच नाही. आणि मी त्यांच्या जागेवर बसले आहे, तेव्हा उठावं.

निघते आता. माया आहे तशीच असू दे.

तुझी ताई