रुखमाबाईंचा अंगठा

अहो,

आज आपलं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर तुम्हीच उघडा. कॉम्प्युटरवर "मशीनशी संपर्क होत नाही" असं आलं, तर वायर काढघाल करू नका. अंगठा घेणारा प्रोग्राम मागं लपून चालते, तोच बंद पडते. आधी तो चालू करा, मंग फॉर्म उघडा. मले हे काल समजलं, बोंडअळीच्या नुकसानीच्या सरकारी मदतीची मुदत सरल्यावर.

रुखमाबाई त्याच मदतीच्या फॉर्मसाठी तीनदा आल्या होत्या, तिन्ही वेळा हेच आलं. "कापूस वेचून तुमचे बोटं झिजले, अंगठा येत नाही," असं मी चार लोकांसमोर म्हटलं. त्यांनी हात पदराखाली घेतला अन् निघून गेल्या.

मी आज जानेफळले त्यांच्या घरी चालली. फॉर्म तर आता भरता येत नाही. बोटात काही खोट नव्हती, एवढं तरी सांगून येते.

जयमाला